वस्तादाची विद्या

विद्येचा आणि घामाचा काही संबंध नाही, अशी एक समजूत आमच्या सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मुलाने पहाटे उठून बारा सूर्यनमस्कार घालावेत, हे वडील मंडळींस मान्य असते. परंतु त्याच नमस्कारांवर त्याने पोट भरावे, हे कोणासही रुचत नाही. शरीर कमवावे, पण दुसऱ्याचे शरीर कमावून देण्याचा धंदा करू नये, असा हा न्याय आहे. तो कितपत खरा, हे पाहण्याचा प्रसंग अलीकडे आमच्याच घरी आला, म्हणून हे चार शब्द.

अमेरिकेत शिकत असलेल्या आमच्या पुतण्याने पदवी हाती पडताच कळविले, की आपण महाविद्यालयीन बास्केटबॉल संघाचे ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच’ व्हावयाचे ठरविले आहे. हा कोच खेळाचे डावपेच शिकवीत नाही. खेळाडूचे बल, चपळाई व दम वाढवावयाचा आणि त्याचे शरीर दुखापतीपासून राखावयाचे, हे त्याचे काम. म्हणजे आपल्या तालमीतला वस्तादच म्हणा ना! हे ऐकून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “साता समुद्रांपलीकडे जाऊन शेवटी तालमीतच शिरायचे, तर आपल्या गल्लीतली तालीम काय वाईट होती?” घरात हशा पिकला, पण मुलाच्या वडिलांच्या मुद्रेवर चिंता होती, आणि ती अस्थानी नव्हती.

ह्या धंद्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे काढला. बाहेर हिवाळा, आत कवायतीस कंटाळलेले 18 विद्यार्थी; त्यांस व्यायाम घडावा म्हणून त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि 13 नियम लिहिले. म्हणजे खेळ व्यायामाकरिता जन्मास आला. पुढे चक्र उलटे फिरले आणि खेळाकरिता व्यायाम करावा लागू लागला. तरीही वजने उचलल्याने अंग आखडते, नेम धरणारा हात जड होतो, ह्या भीतीने शिक्षक मंडळी कित्येक वर्षे लोखंडापासून दूर राहिली. 1969 मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली ह्या, पाठीच्या दुखापतीमुळे खेळ सुटलेल्या, बांबूउडीपटूस अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी पगारी नेमले. एक जरी खेळाडू मंदावला तरी नोकरी गेली समज, असे मुख्य शिक्षक बॉब डेव्हेनी यांनी त्यास बजाविले होते म्हणतात. खेळाडू मंदावले नाहीत. 1970 व 1971 ह्या दोन्ही वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद नेब्रास्काकडे आले. 1978 मध्ये एप्ली यांच्याच पुढाकाराने अशा वस्तादांची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि 1985 पासून ती परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देऊ लागली.

ही परीक्षा केवळ दंड-बैठकांची नव्हे. शरीररचना, शरीरव्यापार, आहार, गतीचे शास्त्र, इतके सारे तीत येते. बास्केटबॉलचे पटांगण 94 फूट लांब, कडी जमिनीपासून 10 फूट उंच. महाविद्यालयीन सामन्याची 40 मिनिटे धावणे, थबकणे, उडणे आणि उतरणे यांत जातात. आणि गुडघ्याघोट्यांचा घात पुष्कळदा उडण्यात नसून उतरण्यात असतो. म्हणून चांगला वस्ताद प्रथम उतरावयास शिकवितो: गुडघे आत वळू न देता, कंबर मागे घेऊन, पावलांचा आवाज न करता. लांब पायांच्या मुलाची बैठक आखूड पायांच्या मुलासारखी होत नाही, हे त्यास ओळखावे लागते. हंगाम नसताना वजने जड. हंगामात ती बेताची, कारण सामन्यास पाय ताजे हवेत. आणि कोठे थांबावे, हे कळणे तर सर्वांत महत्त्वाचे. 2018 मध्ये मेरीलंड विद्यापीठात फुटबॉलचा एक 19 वर्षांचा विद्यार्थी धावण्याच्या सरावात उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी वारला. लोकांची मुले ज्याच्या हाती सोपविलेली असतात, त्याचे अज्ञान हे असे जीवावर बेतते. मग ह्या ज्ञानास विद्या म्हणू नये, तर काय म्हणावे?

ह्या मार्गाने गेलेल्यांत स्त्रियाही आहेत. ज्या कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथने 1898 पासून शरीरशिक्षण दिले, तेथेच पुरुषांच्या बास्केटबॉल संघाचे हे काम 2004 पासून 2019 पर्यंत अँड्रिया हुडी ह्या बाईंकडे होते. 2008 मध्ये तो संघ राष्ट्रीय विजेता झाला. पुढे त्या टेक्सासला आणि 2021 मध्ये कनेक्टिकटच्या महिला संघाकडे गेल्या.

तथापि आमच्या बंधूंची शंका पैशाची व स्थैर्याची होती. प्रारंभी अल्प वेतनावर, कधी विनावेतनही, उमेदवारी करावी लागते. मुलांचे वर्ग भरण्यापूर्वी पहाटेस हजर राहावे लागते. आणि मुख्य शिक्षक बदलला, की त्याच्याबरोबर हाताखालच्यांचेही बिऱ्हाड पुष्कळदा उठते. शिवाय जय झाला तर वाहवा चेंडू टाकणाराची. वस्तादाचे खरे यश म्हणजे न झालेली दुखापत, आणि जी झालीच नाही ती कोणास दिसणार?

ही शंका आम्ही दूरध्वनीवर त्यास सांगितली, तेव्हा त्याने ती थेट आजीकडे नेली. “आजी, तू पंगतीला सगळ्यांना वाढतेस आणि तुझे पान शेवटी. घरात कुणी आजारी पडले नाही, तर तुझे नाव कोण घेतो? माझे काम तसेच आहे.” मातोश्री क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग एवढेच म्हणाल्या, “करू दे त्याला.”

आम्ही बंधूंस तोच सल्ला दिला. मात्र प्रमाणपत्राची परीक्षा दिल्यावाचून कोणा मुलाच्या पाठीवर वजन ठेवू नये, ही अट घातली. दुखणे बरे करणाऱ्या वैद्यास आपण दक्षिणा देतो. दुखणे येऊच न देणाऱ्यास मात्र, मग ती घरची गृहिणी असो वा तालमीतला वस्ताद, काहीच देत नाही. पगाराची गोष्ट त्या त्या संस्थेने पाहावी. परंतु मान देणे हे तर आपल्या हाती आहे, आणि त्यास एक पैही पडत नाही.