झीज विकत मिळत नाही

उडणारं प्लॅस्टिक ओळखायला मला दोन माणसांनी शिकवलं. एक भोसरी एमआयडीसीतले आमचे फोरमन अण्णा आणि दुसरे कॅलिफोर्नियात सांता क्रूझजवळ राहणारे एक निवृत्त विज्ञानशिक्षक, ज्यांना आमच्या घरात सगळे गुरुजी म्हणतात. ही दोघं एकमेकांना कधी भेटली नाहीत. अण्णांनी डिस्क गॉल्फचं नाव माझ्याकडूनच ऐकलं आणि गुरुजींना भोसरी मी नकाशावर दाखवली. तरी माझ्या हातून एखादी डिस्क मनासारखी सुटते तेव्हा तिच्यात दोघांचाही वाटा असतो. तो वाटा नीट मांडून ठेवावा, म्हणून हे लिहिते आहे.

लग्नाआधी मी भोसरीतल्या एका इंजेक्शन मोल्डिंगच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे माल तपासायला होते. डब्यांची झाकणं, पंख्यांची पाती, गाड्यांचे बारीकसारीक भाग असा माल निघायचा. अण्णा साताऱ्याकडचे, सातवीपर्यंत शिकलेले. मशीनमधून गरम जॉब बाहेर पडला की तो बोटांत फिरवून ते सांगायचे, दाणा, म्हणजे कच्चं प्लॅस्टिक, कुठला आहे, बॅरल किती तापलंय, डाय, म्हणजे साचा, जरा लवकर उघडली का. "डाय तीच हाय पोरी, पन दाना बदलला की जॉब बदलतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना दीड-दोन टक्के आकसतं, एबीएस जेमतेम अर्धा टक्का. म्हणून एकाच डायमधून दोन मापांची झाकणं निघतात. पातळ भाग आधी निवतो, जाड भाग मागाहून, आणि त्या ओढाताणीत जॉब वाकतो. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. त्याआधी अण्णांच्या बोटांकडे बघता बघता समजलं होतं. नोकरी सोडताना त्यांनी मला स्वतःचा व्हर्नियर दिला. "माप घेत जा. डोळा फसवतो," एवढंच म्हणाले.

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही सॅन होजेला आलो. माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती आणि हातांना कामाची सवय होती. सुट्टीच्या दिवशी हायवे १७ ने डोंगर ओलांडून सांता क्रूझला जायचो. तिथल्या डेलाविएगा पार्कमध्ये रेडवूड आणि ओकच्या झाडीतून १९८४ पासून डिस्क गॉल्फचा कोर्स आहे. खेळ गॉल्फसारखाच. टी-पॅडवरून डिस्क फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती साखळ्यांच्या बास्केटमध्ये घालायची. सत्ताविसाव्या होलला 'टॉप ऑफ द वर्ल्ड' म्हणतात. तिथे टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं की समोर माँटेरेचा उपसागर दिसतो आणि बास्केट पार खाली उतारावर असते. गुरुजी या कोर्सवर नवशिक्यांना हौसेने शिकवत. कोणी एकटं, बिचकत उभं असलं की हे आपणहून जवळ जात. मी तशीच उभी होते.

खेळाचा इतिहास मला त्यांच्याकडूनच कळला. एड हेड्रिक व्हॅम-ओ कंपनीत असताना १९६७ मध्ये त्यांना फ्रिस्बीच्या सुधारित रचनेचं पेटंट मिळालं. १९७५ मध्ये पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिला कायमचा कोर्स आखला, पुढच्या वर्षी पीडीजीए ही खेळाडूंची संघटना काढली आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच कल्पना. तोवर डिस्कची कड गोल, जाडसर असे. १९८३ मध्ये डेव्ह ड्युनिपेस यांनी ती कड तिरकी, निमुळती केली. हवा कापत जाणारी डिस्क मिळाली आणि त्यातून इनोव्हा कंपनी उभी राहिली. आजचे सगळे ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याच्या डिस्क, त्या कडेच्या वंशातले आहेत.

इनोव्हाच्या डिस्कसोबत चार आकडे येतात. 'वाल्किरी' या ड्रायव्हरचे आकडे ९, ४, उणे २ आणि २. पहिला वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा. तिसरा टर्न, म्हणजे वेगात असताना ती उजवीकडे किती कलेल. चौथा फेड, म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे किती वळेल. उजव्या हाताने बॅकहँड फेकणाऱ्यासाठी हे हिशेब आहेत. डिस्क भरवेगात असते तेव्हा तिला उचलणारा हवेचा जोर मध्याच्या जरा मागे लागतो, वेग कमी झाला की तो पुढे सरकतो. गरगर फिरणाऱ्या वस्तूवर पुढून-मागून आलेला जोर बाजूला वळून उतरतो. त्यामुळे आधी उजवीकडे कल आणि शेवटी डावीकडे वळण. गुरुजींनी हे शाळेतल्या फळ्यावर लिहावं तसं मातीत काडीने काढून समजावलं होतं.

मला लागलेलं खरं वेड मात्र त्यानंतरच्या धड्याचं. एका सकाळी, वारा पडलेला असताना, ते मला शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. पिशवीतून चार वाल्किरी काढल्या आणि गवतावर ओळीने मांडल्या. वजन जवळजवळ सारखं, प्लॅस्टिक निराळं: डीएक्स, प्रो, स्टार आणि चॅम्पियन. म्हणाले, "हात तोच ठेव. आज तुझी फेक बघायची नाही, प्लॅस्टिक बघायचं आहे."

आधी डीएक्स. सगळ्यांत स्वस्त, किंचित खरखरीत, बोटांना लगेच आपलीशी वाटणारी. ती सरळ गेली, मध्यावर जराशी उजवीकडे कलली, बराच वेळ तरंगली आणि अलगद डावीकडे येऊन बसली. प्रो हाताला मऊ, चिकट पकडीची. तीही भरपूर तरंगली आणि शेवटचं वळण सौम्य घेतलं. स्टार अपारदर्शक, लवचिक, दव असूनही न निसटणारी. तिचा कल कमी आणि शेवट जास्त ठाम. चॅम्पियन काचेसारखी पारदर्शक, कडक. तिच्यातून सूर्याकडे धरलेलं माझं बोट दिसत होतं. ती उजवीकडे वळायचं नावच घेईना. माझा हात ऐंशीएक मीटरचा. तेवढ्या वेगाला ती सरळ गेली, लवकरच डावीकडे वळली आणि कडक जमिनीवर टप्पा खाऊन आणखी पुढे घसरली. मग गुरुजींनी डिस्कचा क्रम बदलला, पुन्हा फेकायला लावल्या, पुन्हा बदलला. फेक कमी-जास्त होत होती, पण चौघींचा स्वभाव आपापल्या जागी कायम होता.

"साचा एकच आहे," गुरुजी म्हणाले, "तरी असं का होतं, ते मला कोणी नीट सांगितलेलं नाही."

मला त्या क्षणी अण्णा आठवले. पुढच्या खेपेला मी व्हर्नियर घेऊन गेले. चारही डिस्क मोजल्या: व्यास, कडेची जाडी आणि तळापासून नाकाची उंची. नाक म्हणजे कडेचं अगदी पुढचं टोक, जिथे डायचे वरचे आणि खालचे भाग जुळतात ती रेघ. फरक मिलिमीटरच्या अंशांचे, पण होते. चॅम्पियनचं नाक डीएक्सपेक्षा वर होतं, आणि नाक जितकं वर तितकी डिस्क उजवीकडे कलायला नाखूश. मी गुरुजींना सांगितलं की डिस्कच्या मधला पातळ पाट आधी निवतो, जाड कड मागाहून आकसते आणि पाटाला चिमटीत धरून वर फुगवते. कुठला दाणा किती आकसेल आणि डाय किती लवकर उघडली यावर तो फुगवटा आणि नाकाची उंची ठरते. पंख्याच्या पात्यांवर शिकलेलं मी डिस्कवर बोलत होते. ते ऐकताना हा सत्तरी ओलांडलेला शिक्षक वही काढून टिपणं घेऊ लागला. माझं भोसरीतलं शिक्षण या देशात कोणाच्या उपयोगी पडेल, असं मला तोवर वाटलं नव्हतं. गुरुजींचं पहिलं ऋण ते. त्यांनी मला विद्यार्थी केलंच, शिवाय माझ्याजवळ जे होतं ते मागून घेतलं.

पुढे भावाबरोबर मी एक चॅम्पियन साताऱ्याला अण्णांकडे पाठवली. फोनवर त्यांचा पहिला प्रश्न, "दाना कंचा?" पॉलियुरेथेनच्या जातीचा, म्हटल्यावर त्यांनी ती वाकवली असावी, कारण थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो माल झिजायला लई टाइम घील."

त्यांनी हात लावताच ओळखलं ते डिस्क गॉल्फचं मर्म आहे. डीएक्स झाडाला आपटली की तिच्या कडेला चरे पडतात, नाक बोथट होतं आणि महिन्यागणिक ती जास्त जास्त उजवीकडे कलू लागते. स्टार आणि चॅम्पियन वर्षानुवर्षं आपला स्वभाव सोडत नाहीत. पुष्कळ जण म्हणून डीएक्सला कच्चा माल समजतात. गुरुजींचं मत उलट. त्यांच्या पिशवीत एकाच साच्याच्या झिजण्याच्या निरनिराळ्या टप्प्यांवरच्या डिस्क होत्या. समोरून वारा असेल तर चॅम्पियन, कारण समोरचा वारा डिस्कला आणखी उजवीकडे ढकलतो आणि तिथे हट्टी प्लॅस्टिकच टिकतं. झाडांमधल्या अरुंद बोळातून सरळ जायचं असेल तर मुरलेली डीएक्स. डावी कड खाली झुकवून सोडली की हवेत ती हळूहळू सपाट होते आणि सरळ वाहत जाते. घरात बिडाचा तवा जसा वापरून वापरून तयार होतो आणि सुनेच्या हाती जातो, तशा या डिस्क.

आणि ही झीज विकत मिळत नाही. पीडीजीएचा नियम असा की डिस्कचं उडणं बदलेल असा फेरफार मुद्दाम करायचा नाही. मोल्डिंगची खरखर किंवा ओरखडे घासून गुळगुळीत करता येतात, पण खरी झीज खेळूनच व्हायला हवी. व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम ही वजनाची मर्यादा कारखाना पाळू शकतो, २१.१ सेंटिमीटरची वाल्किरी १७५ ग्रॅमपर्यंत भरू शकतो. दहा वर्षं झाडांना आपटून आलेला स्वभाव मात्र कुठलीही डाय देऊ शकत नाही. एड हेड्रिक २००२ मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून डिस्क घडवल्या गेल्या. रोज खेळणारा माणूस आपल्या डिस्कमध्ये आधीच उतरलेला असतो, असं मला गुरुजींकडे बघून वाटायचं.

वय वाढलं तसा त्यांचा हात मंदावला. हात मंदावला की प्रत्येक डिस्क जास्त हट्टी होते, डावीकडे लवकर वळते. त्यांनी तक्रार केली नाही. चॅम्पियन कमी केल्या, स्टारवर आले, मग झिजलेल्या डीएक्सवर. आपल्या शरीराशी इतक्या सरळपणाने हिशेब करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. अखेर खांद्याने साथ सोडली आणि ते ऑरेगॉनला मुलीकडे राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून एक पिवळी डीएक्स वाल्किरी दिली. कडेवर ओकच्या सालीचे डाग बसलेले, शिक्का पुसलेला, नाक इतकं गुळगुळीत की अंगठा अडकत नाही. माझ्या हाताला हीच डिस्क सगळ्यांत लांब जाते, हे त्यांना माहीत होतं. घालवलेल्या वेगाच्या बदल्यात त्यांनी स्वतःसाठी जे तयार केलं होतं, तेच त्यांनी मला दिलं.

सोबत एक अट घातली. जुनी घ्यायची तर त्याच साच्याची एक नवी डीएक्सही घ्यायची आणि लगेच झिजवायला लागायचं.

ती अट मी पाळते आहे. आमच्याकडच्या मराठी शाळेत येणाऱ्या काही मुली आता रविवारी माझ्याबरोबर मैदानावर येतात. मी त्यांच्यासमोर चार प्लॅस्टिकं मांडते, व्हर्नियर हातात देते, आणि एकीला डाव्या वळणाचं कारण समजलं की अण्णांचं वाक्य त्यांच्याच बोलीत म्हणून दाखवते. अण्णांना मापं शिकवून आणि गुरुजींना फेक शिकवून हे ऋण फिटणार नाही. ते ज्यांच्याकडून आलं त्यांना त्याची गरजच नाही. गरज आहे ती पुढे उभ्या असलेल्या हातांना. माझी पहिली नवी डीएक्स आता मुरली आहे. ती मागच्या महिन्यात एका अकरा वर्षांच्या मुलीला दिली आणि तिच्या आईला सांगितलं, "ताई, हिला एक नवीही घेऊन द्या. पुढच्या मुलीसाठी लागेल."