दौरा, तिच्याच शब्दांत

उर्दू शाळेतल्या शिक्षकाला पगार शिकवण्याचा मिळतो, पण कामे नाना प्रकारची करावी लागतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे, रेशन कार्डावरचे नाव दुरुस्त करायला अर्ज लिहून द्यायचा, आणि कुणाच्या अम्मीसोबत दवाखान्यात जायचे. डॉक्टरांना हिंदी येत नाही अशातला भाग नाही. पण केसपेपर, खिडक्या, रांगा यांचा दरारा असा की घरची माणसे तिथे गेली की मुकी होतात. घाटकोपरच्या आमच्या शाळेत हे काम आम्हा दोघा-तिघांकडे असते.

या फेऱ्यांमध्ये एक गोष्ट वारंवार दिसली. ज्याला दौरा येतो, त्याची हकीकत तो स्वतः सांगतच नाही. सांगतो कोण? थोरला भाऊ, नाहीतर मामू. ‘‘चक्कर आती है, गिर जाती है.’’ संपले! मागे रांग दारापर्यंत गेलेली. डॉक्टर तरी किती थांबणार? गोळी लिहून मिळते आणि ईईजी काढून आणायला सांगतात.

या ईईजीबद्दल आमच्या मोहल्ल्यात मोठा गैरसमज आहे. एक्सरेत मोडलेले हाड दिसावे तशी मशीनमध्ये मिरगी दिसते, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात डोक्याला तारा लावून साधारण अर्धा तास मेंदूतल्या विजेची नोंद होते, आणि खरी मिरगी असलेल्याचाही तेवढ्या वेळातला कागद साफ येऊ शकतो. पक्की खात्री करायची तर व्हिडिओ-ईईजी, म्हणजे दौरा येईपर्यंत कॅमेऱ्यासमोर भरती राहायचे. रोजंदारीच्या घराला ते कुठले परवडायला! मग उरते ती हकीकत. डॉक्टरही निदान मुख्यतः तिच्याच आधाराने करतात.

हकीकत म्हणजे नुसती माहिती नव्हे, ती कशी सांगितली जाते यालाही अर्थ असतो, हे जर्मनीत बीलेफेल्ड येथे भाषाशास्त्रज्ञ एलिझाबेथ ग्युलिश आणि डॉक्टर मार्टिन श्योन्डीन्स्ट यांनी दाखवले. पुढे इंग्लंडच्या शेफील्डमध्ये मार्कुस रॉयबर यांनी ते काम वाढवले. रुग्णाला मोकळा प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचे. मग पहिला दौरा, सर्वांत वाईट दौरा आणि शेवटचा दौरा, असे तीन सांगायला लावायचे. मिरगीचा रुग्ण आपल्याला आत काय वाटले ते आपणहून सांगू लागतो. अडखळतो, शब्द टाकतो, दुसरा घेतो. दुसऱ्या प्रकारचे दौरे असतात ते मनावरच्या ओझ्याने येणारे. हे रुग्ण बहुधा दौऱ्याच्या आत शिरत नाहीत. ‘‘काही आठवत नाही’’ म्हणतात, आणि कुठे पडलो, कोण धावून आले, पुढे काय हाल झाले हेच सांगत राहतात. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदान ठाऊक नसताना निव्वळ संभाषणावरून भाषेच्या जाणकारांनी 20 पैकी 17 रुग्णांचे निदान बरोबर ओळखले. भाषा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचून थोडा अभिमान वाटला, खोटे कशाला बोला!

आमच्या सातवीतल्या एका मुलीचे असेच झाले. धडा वाचता वाचता ती थांबायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, बोटे ओढणीशी चाळा करायची. मिनिटभराने भानावर यायची. घरात कुणी म्हणे असर आहे, कुणी म्हणे अभ्यास टाळते. दुसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. भाऊ बोलू लागताच त्यांनी हाताने थांबवले आणि मुलीला विचारले, ‘‘तू बता, पहले क्या होता है?’’ मुलगी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, ‘‘पेट में से कुछ ऊपर आता... लिफ्ट जैसा. नहीं, लिफ्ट नहीं. मेले का झूला नीचे आता ना, वैसा... वैसा भी नहीं, डर लगता है.’’ भावाला घाई झाली होती, तो खुर्चीत चुळबुळत होता. बाई मात्र लिहीत होत्या. पोटातून वर चढणारी ही लहर मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून सुरू होणाऱ्या मिरगीत नेहमी आढळते. ‘‘चक्कर आती है’’ या तीन शब्दांत ती कशी मावावी? मग वर्गात काय दिसते ते आम्हाला विचारले, आणि पुढच्या वेळी मोबाइलवर टिपून आणा म्हणाल्या.

दुसरी आमची जुनी विद्यार्थिनी, लग्न होऊन असल्फ्याला गेलेली. चार वर्षे मिरगीच्या गोळ्या, गुंगी, वर सासरचे टोमणे, आणि दौरे तसेच. तिच्या दौऱ्यात डोळे घट्ट मिटलेले असत. मिरगीच्या झटक्यात ते सहसा उघडे असतात. एका खुणेवरून निकाल देऊ नये, हेही खरे. तिला विचारले तर ‘‘बस, गिर जाती हूँ’’ एवढेच, आणि मग कॉलेज कसे सुटले, अब्बांच्या मय्यतीला पोचता कसे आले नाही, हे ती तासभर सांगेल. अखेरीस निदान बदलले. हे सोंग नव्हे; दौरा तिच्या इच्छेने येत नाही, पडून लागते ते खरेच लागते. फक्त मिरगीच्या गोळीचा त्यावर इलाज नाही.

रिश्त्याच्या वेळी मात्र दोघी एकाच तागडीत तोलल्या जातात. 1999 साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून मिरगीची अट काढून टाकली गेली. आमच्या निकाहाला तशी कलमबंद अट कधी नव्हतीच, तरी मुलीच्या दौऱ्याची कुजबुज गल्लीत झाली की पैगाम येईनासे होतात. सातवीतल्या मुलीच्या अम्मीने आम्हाला पहिली विनंती केली ती हीच, की शाळेत नाव फुटू देऊ नका.

असल्फ्याच्या मुलीला आता दर पंधरवड्याला समुपदेशनासाठी बोलावतात. तिची सासू परवा आम्हाला विचारत होती, ‘‘मास्टरजी, सिर्फ बातें करने का भी इलाज होता है? गोली एक भी नहीं?’’ आम्ही म्हणालो, होतो. ती थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, ‘‘तो फिर मैं बाहर बैठूँगी. मेरे सामने वो क्या बोलेगी!’’