पोस्टिंग सालेकसा

रोवणीच्या दिवसांत गोंदिया जिल्ह्यातला माणूस भेटायचा तर बांधीतच भेटतो. पोटरीभर चिखल, पाठीवर पाऊस, हातात धानाच्या पऱ्यांची जुडी. माझी भाची या चिखलातच वाढली. आमगाव तालुक्यात त्यांचं घर, थोडी धानाची शेती. आता ती गोंदियात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि सुट्टीत आली की अजूनही बांधीत उतरते.

नर्स का व्हावंसं वाटलं, असं विचारलं की ती शेजारच्या काकूंचं नाव काढते. दरवर्षी रोवणी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत काकू अंथरूण धरायच्या. हाडं ठणकायची, सांधे सुजायचे. कुणी म्हणे वात आहे, कुणी सरळ कामचुकार म्हणे. भाचीची माय मात्र काही न बोलता काकूंच्या वाट्याचं रोवून द्यायची आणि मजुरी त्यांच्या घरी पोचवायची. घरात त्यावर कधी चर्चा झाली नाही. पोरगी बांधावरून बघत होती.

पुढे वर्गात सिकलसेल शिकवला. पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी माहीत असायला हवा, इतका तो इथला आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि जीवघेणं दुखणं उठतं. गारठा, अंगातलं पाणी कमी होणं, अतिश्रम ही त्याची निमित्तं. म्हणजे रोवणीच की! त्याच संध्याकाळी तिनं घरी फोन केला. माय काकूंना तपासणीला घेऊन गेली. रिपोर्ट ‘एसएस’ आला, म्हणजे सिकलसेलचाच आजार. आता त्यांना हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या चालू आहेत, आणि कामचुकार म्हणणारी तोंडं बंद झाली आहेत. या एका गोष्टीसाठी मला तिच्या शिक्षणाचा प्रत्येक रुपया सार्थकी लागलेला वाटतो.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला १ मे १९९९ला. सरकारी मेडिकल कॉलेज आलं २०१६ साली. भाचीची ड्युटी कधी केटीएस रुग्णालयात लागते, कधी बाई गंगाबाई महिला रुग्णालयात. एकदा तिनं माझाच हात समोर ओढला, दंडाला पट्टा बांधला आणि कोपराच्या खळगीत तर्जनी टेकवली. “शीर डोळ्यांनी नाही शोधायची मामाजी, बोटानं शोधायची. दाबून सोडली की उसळी घेते ती शीर. नाही घेतली तर सुई लावायची नाही.” लेकराचा हात गार असेल तर आधी तो आपल्या तळव्यात धरून ऊबदार करायचा, हेही तिनं सांगितलं. नर्सिंगबद्दल बोलताना लोक सेवाभाव, त्याग असे शब्द फार वापरतात. मला ते खटकतं. हे बोटांत मुरवावं लागणारं कसब आहे, आणि त्याला पुरता पगार मिळायलाच हवा.

वॉर्डात पोवारी, छत्तीसगढी, हिंदी, गोंडी सगळं कानावर पडतं. कळा सुरू झालेल्या बाईला मराठीत ‘श्वास घ्या’ म्हणून भागत नाही. भाचीच्या वहीच्या मागच्या पानांवर गोंडी वाक्यं आहेत, पेशंटच्या नातेवाइकांना विचारून विचारून उतरवलेली.

तिचा जीव नाटकात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. त्यातलं एकही चुकवणं तिला जमत नाही. वर्गमैत्रिणींना घेऊन तिनं दंडारीच्या ढंगात सिकलसेलवर पथनाट्य बसवलं. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, हे त्यात सांगते सासू. सासू अर्थात भाचीच.

पुढचं काय, यावर घरात एकमत नाही. काका म्हणतात, नागपूरला खासगीत लाग. दोन मैत्रिणी जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकताहेत. त्यांनी जावं, खुशाल जावं. हिला मात्र सालेकसा तालुक्यातलं आरोग्य उपकेंद्र हवंय, दरेकसा-कचारगडच्या बाजूचं. सपाट भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० मागे. ३,००० माणसांत प्रत्येक घर ओळखीचं करता येतं, असा तिचा हिशेब. समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून तिथं जाता येईल, पण ती नोकरी कंत्राटी, आणि तिच्या वडिलांचं, बाबूजींचं मन तिथंच अडतं. धान विकून फी भरलेल्या माणसाला पक्की नोकरी हवी असते, त्यात त्यांचं काय चुकलं?

शेवटी तोडगा निघाला. आधी नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, मग सालेकसा, आणि तिथं राहून सरकारी भरतीची परीक्षा. आमगावहून सालेकशाला रेल्वे आहेच. भरतीचं जुनं पुस्तक बाबूजींनी कुठून तरी मिळवलंय. रात्री जेवणं झाली की ते हॉस्टेलवर फोन लावतात आणि एकेक प्रश्न विचारतात. औषधांची नावं त्यांना वाचता येत नाहीत. ते अक्षरं सुटी सुटी सांगतात आणि भाची उत्तर देते.