बोटावरची लेन्स

शाळेत असताना माझा चष्मा दर वर्षी बदलायचा. वाढायचा तो सिलिंडर नंबर, आणि दर खेपेला त्याचा अक्षही फिरलेला असायचा. नव्या काचेतूनही फळ्यावरच्या अक्षरांमागे सावली दिसे, रस्त्यावरच्या दिव्यांना शेपट्या फुटत. डोळ्यांना सारखी खाज सुटायची आणि मी ते मुठींनी चोळत बसायची.

कॉलेजात आल्यावर एका नेत्रतज्ज्ञांनी टोपोग्राफी केली. पडद्यावर माझ्या कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराचा, नकाशा उमटला. मध्याच्या जरा खाली लाल डाग होता. आजार केरॅटोकोनस. कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पण डोळ्यात येणारा प्रकाश वळवण्याचं सुमारे दोन तृतीयांश काम तोच करतो. त्याचा आकार कोलॅजनच्या तंतूंवर टिकतो. ते कमकुवत झाले की कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. ही वेडीवाकडी गोलाई चष्म्याला आवरत नाही.

मग आरजीपी (रिजिड गॅस पर्मिएबल) लेन्स आली. ती कडक असते; तिच्या आणि कॉर्नियाच्या मधल्या फटीत अश्रू भरतात आणि उंचसखलपणा झाकून टाकतात. पहिल्यांदा ती घालून बाहेर आले, तर समोरच्या पिंपळाचं पान न् पान सुटं दिसलं. तेव्हापासून ती बोटाच्या टोकावर घेऊन माझी सकाळ उजाडते. लग्नात होमाच्या धुरात ती डोळ्यांत होती, आणि मुलीचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तोही तिच्यातूनच.

पण लेन्स दृष्टी देते, आजार थांबवत नाही. ते काम क्रॉसलिंकिंगचं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये ही पद्धत आकाराला आली आणि 2003 मध्ये रुग्णांवरचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कॉर्नियात रायबोफ्लेविन, म्हणजे बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब मुरवायचे आणि वरून अतिनील किरण सोडायचे. मूळ पद्धतीत अर्धा तास. तंतूंमध्ये नवे सांधे जुळतात, कॉर्निया कणखर होतो. माझ्या डोळ्यांवर हे झालं तेव्हा पुढचे काही दिवस आग आणि पाणी सोसावं लागलं. त्यानंतरचे नकाशे मात्र स्थिर आहेत. गेलेला आकार परत येत नाही, म्हणून लेन्स राहिली. आता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी स्क्लेरल लेन्स घालते. कॉर्नियाला तिचा स्पर्शही होत नाही.

ज्यांचा आजार फार पुढे गेला, त्यांना कॉर्नियाच्या रोपणाचा आधार आहे. 1905 साली एडुआर्ड झिर्म यांनी पहिलं यशस्वी रोपण केलं. आजही ते कुणाच्या तरी नेत्रदानावरच उभं आहे.

केरॅटोकोनस बहुधा वयात येतानाच सुरू होतो, आणि घराण्यातही उतरू शकतो. म्हणून माझ्या मुलीची टोपोग्राफी मी नियमाने करून घेते. तुमच्याही घरात एखाद्या मुलाचा सिलिंडर नंबर सारखा वाढत असेल, तर नुसता नवा चष्मा करून थांबू नका. टोपोग्राफी करून घ्या. खाजेवर औषध द्या, पण त्याला डोळे चोळू देऊ नका.