साडेतीनचं जेवण



लेस्टरहून परत आल्यापासून बस्तीत भेटणारी प्रत्येकजण दोनच गोष्टी विचारते. थंडी कशी सोसली आणि जेवणाचं कसं केलं? थंडीचं उत्तर सोपं आहे. घरात हीटर असतो, बाहेर पडताना चार कपडे जास्त चढवायचे. जेवणाचं उत्तर मात्र जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहिते.

लेस्टर हे इंग्लंडच्या साधारण मध्यावरचं, साडेतीन लाखांहून जास्त वस्तीचं शहर. मुलगा तिथे नोकरीला आहे. हे गेल्यानंतर दोन वर्षं मी टाळत होते, शेवटी ऑगस्टच्या मध्यावर सहा महिन्यांच्या व्हिसावर गेले. टाळण्याचं कारण भाषा नव्हती की विमान नव्हतं. आम्ही दोघांनी तरुणपणीच मुनिमहाराजांकडे रात्रिभोजन त्यागाचा नियम घेतला होता आणि तो कधी मोडला नाही. कोल्हापुरात त्याचं काही वाटत नाही. वर्षभरात सूर्यास्त सहा ते सव्वासातच्या मध्ये कुठेतरी होतो, जेमतेम सव्वा तासाचा फरक. सहाला ताटं मांडायची, दोघांनी समोरासमोर बसायचं, झालं.

लेस्टरला हा हिशोब पार विस्कटतो. ते गाव कितीतरी उत्तरेला, त्यामुळे जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊला मावळतो आणि डिसेंबरात दुपारी 3 वाजून 50 मिनिटांच्या आसपास. सकाळी तो उगवतो सव्वाआठला. त्यावर दोन घडी, म्हणजे 48 मिनिटं, सोडली की तोंडात पहिला घास नऊला आणि शेवटचा पावणेचारच्या आत. नाश्ता, जेवण आणि संध्याकाळचं जेवण, सगळं पावणेसात तासांत बसवायचं. बी.कॉम. झालेल्या बाईला आकडे मांडायची खोड असतेच. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजची वेळ पेन्सिलीने लिहायला लागले.

ऑगस्टमध्ये तशी काहीच अडचण नव्हती. उजेड साडेआठपर्यंत असायचा. मुलगा, सून, नातू आणि मी, सगळे सातला एकत्र जेवायचो. मला वाटलं, उगाच घाबरले होते.

मग पर्युषण आलं आणि मुलगा मला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या जैन सेंटरला घेऊन गेला. ही मूळची ख्रिस्ती प्रार्थनेची इमारत. 1988 साली तिथे प्रतिष्ठा झाली. समोरून पांढऱ्या संगमरवराचं कोरीवकाम, आत खिडक्यांच्या रंगीत काचांवर भगवान महावीरांच्या जीवनातले प्रसंग. वर श्वेतांबर देरासर आहे, खाली दिगंबर मंदिर, गुरु गौतम मंदिर, स्थानकवासी उपाश्रय, श्रीमद राजचंद्रांचं ज्ञानमंदिर. सगळे पंथ एका छपराखाली. आपल्याकडे दोन बस्त्यांमध्ये एक भिंत सामाईक असली तरी कोर्टात जातात, ते इथे आठवलंच.

पण खरं सांगते, पहिल्या दिवशी मला तिथे परकंच वाटलं. चहूकडे गुजराती. बरीचशी घरं आफ्रिकेतून आलेली, केनिया, युगांडा, त्यांचं बोलणं भराभर आणि मध्येच एखादा स्वाहिली शब्द. वरच्या मूर्तींची आंगी सुंदरच होती, पण माझी नजर उघड्या वीतराग मूर्तीची सवय असलेली. मी खाली येऊन दिगंबर मंदिरात बसले आणि णमोकार म्हटला, तेव्हा कुठे श्वास खाली बसला. महाराष्ट्रातलं मराठी बोलणारं एकही जैन माणूस मला त्या सहा महिन्यांत तिथे भेटलं नाही. इंग्लंडच्या 2021 च्या जनगणनेत धर्माच्या रकान्यात जैन अशी चौकटच नव्हती. 'इतर' समोर हाताने लिहावं लागलं, आणि तसं लिहिणारे सगळ्या इंग्लंड-वेल्समध्ये मिळून पंचवीस हजारांच्या आसपास निघाले. एकट्या महाराष्ट्रात 2011 साली आपण 14 लाख होतो. त्या पंचवीस हजारांतही मी पुन्हा 'इतर'!

त्यांची संवत्सरी झाली, सगळ्यांनी हात जोडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, आणि माझं दशलक्षण पर्व त्यानंतर सुरू व्हायचं होतं. त्यांचं पर्व संपलं, माझं पंचमीला उघडणार. गावाकडे गणपती बसलेले, बस्तीत पहाटेपासून अभिषेकाची गडबड, आणि इथे मी पिशवीत तत्त्वार्थसूत्र घेऊन बसची वाट पाहतेय. दहा दिवस, दहा अध्याय, रोज एक, हा आपला क्रम. पहिल्या दिवशी मी खालच्या मंदिरात एका कोपऱ्यात एकटीच वाचत होते. एक वयस्कर बाई येऊन शेजारी बसल्या. वरच्या देरासरात त्यांना पाहिलं होतं. त्यांना सगळे बा म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. काय वाचता, म्हणून विचारलं. मी पुस्तक दाखवलं, तर त्यांनी पर्समधून आपलं गुजराती पुस्तक काढलं. तेच तत्त्वार्थसूत्र! आपण कर्त्याला उमास्वामी म्हणतो, ते उमास्वाति म्हणतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या आणखी दोघींना घेऊन आल्या. मी सूत्र म्हणून मराठीत अर्थ सांगायची, बा गुजरातीत. मध्येच त्या थांबायच्या, बोट ठेवून म्हणायच्या, हे आमच्यात नाही. आपल्या पाठात 357 सूत्रं, त्यांच्या 344. तेरांचा फरक कुठे कुठे पडतो ते आम्ही दहा दिवसांत शोधून काढलं. खातेवहीचा ताळा लावताना जशी मजा येते तशी आली. क्षमावणीच्या दिवशी त्या तिघींनी मला पुन्हा एकदा मिच्छामि दुक्कडम् म्हटलं. मी म्हटलं, तुमचं तर होऊन गेलं. बा म्हणाल्या, मधल्या दहा दिवसांचं राहिलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे करतात. शनिवारी पावणेसहाच्या सुमाराला मावळलेला सूर्य रविवारी पावणेपाचच्या आतच गेला. खरी परीक्षा तिथून सुरू झाली. सून साडेपाचला यायची, येताना नातवाला शाळेच्या क्लबातून घेऊन. मुलगा साडेसहाला. ते सातला जेवायला बसायचे तेव्हा माझं होऊन अडीच-तीन तास झालेले. मी शेजारी बसायची, पोळ्या वाढायची, गप्पा मारायची. पण ताट नसलेलं माणूस टेबलाशी कसं बसतं ते तुम्हाला माहीत आहे. एकदा मुलगा म्हणाला, "आई, शास्त्रातच द्रव्य-क्षेत्र-काल-भाव पाहायला सांगितलंय ना? इथे नियम थोडा सैल कर." शास्त्र त्याने सोयीपुरतं वाचलं होतं, पण त्याला माझा नियम मोडायचा नव्हता. त्याला आई टेबलावर हवी होती. हे कळत होतं म्हणून जास्त जड गेलं. मी एवढंच म्हटलं, "तुझ्या बाबांबरोबर घेतलेला आहे रे." मग तो पुन्हा बोलला नाही.

दुपारी साडेतीनला त्या रिकाम्या घरात, दिवा लावायची वेळ झालेली, मी एकटी जेवायची. हे गेल्यानंतर कोल्हापुरातही मी कधी एकटी जेवले नव्हते, जाऊबाई समोरच्या घरातून ताट घेऊन येतात. तिथे पहिल्यांदा वाटलं की जानेवारीचं तिकीट अलीकडे घ्यावं.

हे मी बांना बोलले नव्हते. त्यांनीच फोनवर सहज विचारलं, सांजे केटला वागे जमो छो? मी म्हटलं साडेतीन. त्या म्हणाल्या, आम्ही पण. त्यांच्या घरी मंगळवारी आणि शुक्रवारी पाच-सहा जणी जमतात, पावणेतीनला. बहुतेक एकट्या राहणाऱ्या, नाहीतर मुलं-सुना कामावर गेलेल्या. सगळ्यांचा हिवाळ्यात हाच घोळ. प्रत्येकीने एक पदार्थ आणायचा. मी पाहुणी म्हणून जायची तयारी करत होते, तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, "तमे शुं लावशो?" तुम्ही काय आणणार? मैत्रिणींनो, तीन महिन्यांत मला त्या गावात कोणी काही आणायला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, गवारीची भाजी आणते. पलीकडे शांतता. "चोमासामां भाजी?" कार्तिकी पौर्णिमा व्हायची होती आणि चातुर्मासात पालेभाजी आपल्यात कोण खातं! मग उलगडा झाला की त्यांच्यात भाजी म्हणजे पालेभाजीच, आपल्या भाजीला ते शाक म्हणतात. पुढच्या वेळी मी भाकरी म्हटलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर गव्हाची खरपूस भाखरी. ज्वारीच्या भाकरीला त्यांच्यात जुवारनो रोटलो. पीठ बेलग्रेव्ह रोडवर सहज मिळतं. गोल्डन माईल म्हणतात त्या भागाला. तोंडली, गवार, तुरीच्या शेंगा, सगळं ताजं. बा युगांडाच्या आठवणीने मटोके, म्हणजे कच्ची केळी, शेंगदाण्याच्या रश्श्यात करायच्या. बिनकांद्याची, बिनलसणाची, आणि काय चव! आता माझ्याकडेही दर पंधरा दिवसांनी होतात.

बा 1972 मध्ये आल्या. इदी अमीनने आशियाई लोकांना देश सोडायला 90 दिवस दिले ते साल. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे जागा नाही, येऊ नका. बा हसत सांगतात, "आम्हाला त्या जाहिरातीतूनच गावाचं नाव कळलं." मग होजिअरीच्या कारखान्यात नोकरी धरली. डब्यात काय आहे ते कोणाला कळायचं नाही, आणि हिवाळ्यात सुटी व्हायच्या आत बाहेर अंधार. मग जेवणाचं? दुपारच्या सुट्टीतच दोन्ही वेळचं खायच्या, संध्याकाळी फक्त नवरा-मुलांना वाढायच्या. सासूबाईंनी एकदा विचारलं, तुला भूक लागत नाही का? मी टेबलाशी ताटाशिवाय बसते ते मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी ही गोष्ट सांगितली. समजूत बिमजूत काढली नाही. रोटलो आणखी अर्धा वाढला.

घरीही थोडं बदललं. नोव्हेंबरच्या मध्यापासून शनिवार-रविवारी सुनेने आपणहून मुख्य जेवण तीनला आणलं. तिच्या माहेरी नियम नाही, तरी. नातू खिडकीत उभा राहून सूर्य पाहायचा आणि ओरडायचा, "आजी, फास्ट, अजून थोडा आहे!" ढग असले, आणि तिथे बहुतेकदा असतातच, की कॅलेंडरवरची पेन्सिल पाहायचा. इतर दिवशी मात्र सातच्या टेबलावर मी ताटाशिवायच होते, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं.

जानेवारीअखेर निघाले तेव्हा सूर्यास्त साडेचारच्या पुढे गेला होता. मंगळवार-शुक्रवारच्या ग्रुपमध्ये मी अजून आहे. रोज सकाळी कोणीतरी तिथल्या सूर्यास्ताची वेळ टाकते, मला उपयोग नसला तरी मी पाहते. बांनी दशलक्षणाआधीच एकदा सगळे अध्याय फोनवर वाचू या म्हणून सुचवलं. उन्हाळ्यात त्यांची दुपारी एकची वेळ म्हणजे आपले साडेपाच, दोघींचंही जेवण व्हायच्या आतलं. चार अध्याय झाले. पाचव्याला इकडे वीज गेली आणि अर्ध्यात राहिला, तो येत्या मंगळवारी पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा आहे.