मागे दुसरी गाडी हवी

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. पुण्यात नोकरीला लागलेल्या माझ्या मुलीने पहिल्या वर्षाच्या पगारातून पैसे साठवले आणि आपल्या दादीसाठी व आम्हां सर्वांसाठी मुंबई-गोवा जहाजाची तिकिटे काढली. शनिवारी दुपारी मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून चढायचे, दोन रात्री समुद्रावर काढायच्या, मध्ये गोवा बघायचा आणि सोमवारी पुन्हा मुंबई. रत्नागिरीचा माणूस गोव्याला जाण्यासाठी आधी मुंबईला जातो, हे ऐकून मोहल्ल्यात पुष्कळजण हसले. आम्हीही हसलो. फक्त अम्मी हसली नाही. तिने एवढेच विचारले, "मुंबईला कशानं जायचं?"

हा प्रश्न आमच्या घरात नवा नव्हता. माझे अब्बा खलाशी होते. मालवाहू जहाजांवर, इंजिनखात्यात तेलवाला म्हणून त्यांनी अठ्ठावीस वर्षे काढली. दुनियेतली बंदरे त्यांनी पाहिली, पण अम्मीने कधी जहाजात पाय ठेवला नाही. अब्बांचे जहाज म्हणजे तिच्यासाठी एक पत्र, एक मनीऑर्डर आणि वर्षाकाठी एक पत्र्याची ट्रंक. २००९ साली अब्बा अल्लाहला प्यारे झाले. 'दादीला एकदा तरी जहाज दाखवायचं,' हे माझ्या मुलीचे लहानपणापासूनचे बोलणे होते. ते तिने खरे केले.

आता प्रश्न गाडीचा. माझा मुलगा बारावीला. मोबाइलवर बोटे फिरवून त्याने पाच मिनिटांत सगळा हिशेब मांडला. पहिला मार्ग, शनिवारी पहाटे तीनला मोटार भाड्याने करून निघायचे. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. खर्च जास्त, पण दारातून निघून थेट बंदराच्या दारात. दुसरा मार्ग, शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या. झोपेत प्रवास, पहाटे मुंबई, मुक्कामाचा खर्च नाही. वंदे भारत सर्वांत आरामाची, पण ती शुक्रवारी धावत नाही, म्हणून त्याने ती यादीतून काढूनच टाकली.

मला कोकणकन्या पसंत होती. मी शाळामास्तर, माझा कल नेहमी कमी खर्चाकडे. शिवाय बोरीबंदरला उतरले की बॅलार्ड पियर जेमतेम दोन किलोमीटर. टॅक्सीने दहा मिनिटे. मोटारीचा मार्ग मला नको होता. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. मधल्या काळात कितीतरी पूल झाले, काशेडीला बोगदा झाला, पण त्या रस्त्याने अमुक वाजता पोचू असे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मुलगा म्हणाला, "दादी, रात्रीच्या गाडीनं जाऊ. सकाळी पोचू, नाश्ता करू, दुपारी जहाजात."

अम्मीने विचारले, "आणि तिला उशीर झाला तर? तिच्या मागनं दुसरी गाडी आहे?"

मुलाने मोबाइलमध्ये पाहिले. दुसरी गाडी होती, पण तिने गेलो असतो तर जहाज सुटून गेले असते. तिकिटावर स्पष्ट लिहिले होते की जहाज सुटण्याच्या आधी काही वेळ दार बंद होईल, नंतर कोणालाही आत घेणार नाहीत.

"मग ती नको," अम्मी म्हणाली. "गुरुवारी निघू. दिवसाच्या गाडीनं."

गुरुवार! शनिवारच्या जहाजासाठी गुरुवारी! मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. आता तारेचा जमाना नाही, गाडी कुठे आहे ते घरबसल्या दिसते, मुंबईत दोन दिवस राहायचे म्हणजे डोंगरीत खालाच्या घरी सहाजणांचा बोजा. निदान शुक्रवारी दुपारी तरी निघू. तर म्हणाली, "जुम्म्याच्या दिवशी नमाज टाकून निघणार? गुरुवारी म्हणजे गुरुवारी."

मला राग आला. खरे सांगायचे तर हा राग त्या दिवसाचा नव्हता, चाळीस वर्षांचा होता. अब्बा वर्षभराने घरी यायचे. दोन-तीन महिने राहायचे. मग शिपिंग ऑफिसातून बोलावणे यायचे, आणि ज्या दिवशी हजर व्हायचे असेल त्याच्या दोन दिवस आधी मुंबईत पोचायचे, असा घरात नियमच होता. हा नियम अब्बांचा नव्हता, अम्मीचा होता. बोलावणे आले की तीच ट्रंक काढायची, तीच कपड्यांच्या घड्या घालायची, तीच म्हणायची, "निघा आता, उगाच रेंगाळू नका." इतर खलाशांच्या बायका पदराने डोळे पुसत नवऱ्याला एखादा दिवस जास्त ठेवून घेत. आमची अम्मी मात्र त्यांना घराबाहेर काढायची. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा ट्रंकेवर बसून राहिलो होतो, अब्बा जाऊ नयेत म्हणून. तिने मला हाताला धरून उठवले. अम्मीला अब्बा घरात नकोसे होतात की काय, असे त्या वयात वाटलेले मी कधीच पुरते विसरलो नाही.

मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनी अम्मीचीच बाजू घेतली. जुन्या माणसांना जहाज आणि वाट पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या वाटतच नाहीत. १९९५ पर्यंत मुंबईहून जेद्दाला हजचे जहाज जात होते. माझे आजोबा १९६८ साली त्या वाटेने गेले. रत्नागिरीहून ते किनाऱ्याच्या बोटीने आठ दिवस आधी मुंबईला निघाले आणि क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात राहिले. कोणी बैलगाडी, एसटी आणि रेल्वे असे करत मराठवाड्यातून आलेले, कोणी त्याहून लांबचे. तिथे कोणी कोणाला 'इतक्या लवकर कशाला आलात?' असे विचारत नसे. जो आधी पोचला तो शहाणा.

मुलाला मी एक जुनी गोष्टही सांगितली. इंग्रजांच्या काळात बॅलार्ड पियरच्या धक्क्यावरच रेल्वेचे स्टेशन होते. विलायतेहून टपालाची आगबोट आली की साहेब उतरून चार पावलांवर उभ्या असलेल्या गाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल त्या धक्क्यावरून सुटत असे. साहेबासाठी गाडी जहाजापर्यंत आली. ज्यांच्या जिवावर ती जहाजे चालत त्या कोकणातल्या खलाशाला मात्र ट्रंक खांद्यावर घेऊन आपली वाट आपणच शोधावी लागे. मुलगा म्हणाला, "म्हणजे दादी खलाशाचा हिशेब करतेय." त्याने हे सहज म्हटले, पण ते माझ्या मनात राहिले.

तिकिटांचा निर्णय लांबत चालला, तशी एका रात्री अम्मीने मला स्वयंपाकघरात बोलावले. बाकीचे झोपले होते. तिने कपात चहा ओतला आणि माझ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली.

१९७६ चा जुलै महिना. मी अकरा महिन्यांचा. सोमवारी अब्बांना तार आली. गुरुवारी सकाळी मुंबईत हजर व्हायचे. पावसाळ्यात किनाऱ्याच्या बोटी बंद असत आणि कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती. रस्ता हा एकच मार्ग. मंगळवारी सकाळच्या एसटीने निघायचे असे अब्बांनी ठरवले. ट्रंक भरून झाली. आणि सोमवारी रात्री मला ताप चढला.

"तुझं अंग विस्तवासारखं झालं होतं," अम्मी म्हणाली. "मी वीस वर्षांची. घरात दुसरं कोणी नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, एक दिवस थांबा. उद्या जा. बुधवारी निघालात तरी गुरुवारी सकाळी पोचाल. ते थांबले."

मंगळवारी संध्याकाळी माझा ताप उतरला, आणि त्याच रात्री पाऊस लागला. बुधवारी अब्बा निघाले ते खेडपर्यंत पोचले. जगबुडीच्या पुलावरून पाणी चालले होते. पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग, पलीकडे मुंबईचा रस्ता. दोन रात्री त्यांनी तिथेच काढल्या. शुक्रवारी रात्री ते मुंबईत पोचले तेव्हा त्यांच्या जागी दुसरा तेलवाला घेऊन जहाज निघून गेले होते.

पुढचा नंबर लागायला तेरा महिने गेले. अम्मीच्या बांगड्या विकल्या गेल्या. मामूंकडून कर्ज झाले. अब्बांनी मिरकरवाड्याच्या बंदरात मासळीच्या टोपल्या उचलल्या. तेरा महिन्यांच्या त्या काळातले मला काही आठवत नाही, पण आमच्या घरात 'तो पाऊस' असा शब्द होता, एवढे आठवते.

"मोहल्ल्यात सगळ्यांना त्यांनी पुराचंच सांगितलं," अम्मी म्हणाली. "पूर खराच होता. खोटं काहीच नव्हतं. पण मंगळवारची गाडी होती आणि ती मी चुकवली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तुझ्या दादीला नाही, माझ्या भावाला नाही. मलाही कधी बोलून दाखवलं नाही. एकदा बोलले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना पुन्हा कधी एक दिवससुद्धा थांबवलं नाही. थांबवावंसं वाटायचं म्हणूनच लवकर घालवायची."

मी चहाचा कप हातात धरून बसलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आणि ट्रंकेवर बसलेला तो मुलगा मला समोर दिसत होता. ज्या बाईला मी कठोर समजत आलो, ती दर वर्षी आपल्याच मनाला उंबऱ्याबाहेर काढत होती. आणि जो ताप तिला आयुष्यभर पुरला, तो माझा होता.

"अब्बा आणखी काय म्हणायचे?" मी विचारले, काहीतरी विचारायचे म्हणून.

"म्हणायचे, जहाज गाठायचं असेल तर पहिली गाडी धरू नये आणि शेवटचीही धरू नये. ज्या गाडीच्या मागे दुसरी गाडी आहे, ती धरावी."

दुसऱ्या दिवशी मीच मुलाला गुरुवारची तिकिटे काढायला सांगितले. त्याने विचारले, गुरुवारी वंदे भारत आहे, ती घेऊ का? संध्याकाळी निघून रात्री मुंबईत पोचते. मी म्हटले, "नको, मांडवी घे. दुपारची." तो गोंधळला. दोन्ही गाड्या रात्रीच पोचतात, मग हळू जाणारी का घ्यायची? मी त्याला समजावले. मांडवी रखडली तर मागून वंदे भारत आहे. तिचे काही झाले तर कोकणकन्या. आणि सगळ्याच बंद पडल्या तर शुक्रवारचा अख्खा दिवस हातात आहे. त्याने मोबाइल खाली ठेवला. म्हणाला, "हे कुठल्याच ॲपमध्ये दाखवत नाहीत."

गुरुवारी आम्ही मांडवीने निघालो. आम्ही शाफई, त्यामुळे प्रवासात जोहर आणि असर एकत्र पढायची मुभा. अम्मीने बसल्या जागी दोन्ही नमाज उरकल्या आणि खिडकीशी सरकली. खेड आले तेव्हा जगबुडीला हिवाळ्यातले थोडेसे पाणी होते. पुलावरून गाडी जायला काही क्षण लागले. अम्मीने खाली पाहिले आणि काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ज्या नदीने आमचे वर्ष नेले ती नदी माझ्या मुलांनी वडापाव खात ओलांडली. तेही बरेच झाले.

रात्री मुंबईत पोचलो. गाडीला फारसा उशीर झाला नव्हता. मागच्या कुठल्याच गाडीची गरज पडली नाही. शनिवारी बॅलार्ड पियरच्या दारात आम्ही इतक्या लवकर उभे राहिलो की पहारेकऱ्याने आम्हाला सावलीत बसवले. मुले कंटाळली. अम्मी मात्र पिशवी मांडीवर घेऊन निवांत बसली होती. इतकी निवांत मी तिला कधी पाहिली नव्हती.

जहाजात नाच-गाणी, पोहण्याचा तलाव, जेवणाचे दहा प्रकार, सगळे होते. मुलीने दादीला सगळीकडे फिरवले. अम्मीने एका कर्मचाऱ्याला विचारले, "इंजिन कुठं असतं, बेटा?" त्याने पायांखाली बोट दाखवले. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली, चपला काढून. जमिनीतून येणारा तो बारीक थरथराट तळव्यांना लागत होता. "एवढ्या खाली?" ती म्हणाली. "म्हणजे त्यांना समुद्र दिसतच नसेल." अठ्ठावीस वर्षांत हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

रात्री उशिरापर्यंत ती वरच्या मजल्यावर शाल पांघरून बसली. रत्नागिरी कोणत्या बाजूला, असे तिने विचारले. मी पूर्वेकडे हात केला. तिथे अंधार होता. ती बराच वेळ त्या अंधाराकडे बघत राहिली.

सोमवारी मुंबईत उतरलो. परतीची तिकिटे काढायची अजून बाकी होती. मुलाने मोबाइल काढला आणि आता शहाण्यासारखे आधी दादीला विचारले, "दादी, घरी कुठल्या गाडीनं जायचं? मागे दुसरी बघू ना?"

"बघ कुठलीही," अम्मी म्हणाली. "उशीर झाला म्हणून घर काही सुटून जात नाही."