तिकांड्याची वाट

मार्गशीर्षात दिवेलागण उलटली की भिगवणच्या बाजूला, उजनीच्या पसरलेल्या पाण्यावर, पूर्वेला तिकांडं वर येतं: आधी एक तारा, मग दुसरा, मग तिसरा, जवळजवळ उभी ओळ, आणि अंधारात कुठेतरी पाणपाखरांची घोगरी कुजबूज. त्यातला पहिला उगवणारा तारा मिंटाका. तो नेमक्या पूर्वेला उगवतो. इथंही, केनियातही, अर्जेंटिनातही.

पृथ्वीची कंबर चहूकडे ताणत नेली, समुद्र सोडून, चंद्राची वाट ओलांडून, ताऱ्यांपर्यंत, तर मनात जी अथांग सपाटी उभी राहते ती या ताऱ्याला जवळजवळ खेटून जाते. विषुववृत्त इथून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागरात. आकाशातली त्याची कमान मात्र बारामती-इंदापूरवरून जाते, डोक्यावरून अवघी १८ अंश दक्षिणेला कललेली. रोज जाते.

दिसत नाही.

आणि न दिसणाऱ्या अशा पातळीतच वस्तू गोळा होतात, याचं मला फार अप्रूप आहे. शनीची कडी सुमारे २,८०,००० किलोमीटर रुंद, जाडी बहुतेक ठिकाणी शंभर मीटरहूनही कमी. बर्फाचे ते अगणित कण कधीकाळी वरखाली उसळत असणार. एकमेकांवर आदळत आदळत उसळी शमली, उरलं फक्त फिरणं, तेही शनीच्या कमरेच्या पातळीत. आषाढी वारीत बेलवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती गोल रिंगण लागतं, अश्व धावतो, डोईवर तुळस घेतलेल्या बाया धावतात, टापांखालची माती कपाळी लागते आणि मधोमध पालखी स्थिर असते; शनी मला तसा दिसतो. २०२५च्या मार्चमध्ये पृथ्वी नेमकी त्या कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा एवढं मोठं रिंगण कडेवरून पाहताना नाहीसंच झालं.

पृथ्वीच्या कमरेभोवतीही आता रिंगण आहे, माणसानं मांडलेलं. ३५,७८६ किलोमीटर उंचीवर उपग्रह पृथ्वीच्याच तालात फिरतात, म्हणून इथून जागचे हलत नाहीत. डाळिंबाच्या बागांमधल्या पत्र्याच्या घरांवर डिश दिसतात, दक्षिणेकडे, पूर्वेला वळून त्याच पातळीकडे तोंड केलेल्या. वळवाच्या वाऱ्यानं एखादी फिरते. मग पोरगा पत्र्यावर चढतो, बोटाच्या पेराएवढी ती सरकवत राहतो, आणि आतून आई ओरडते, “आलं, आलं! आता हलवू नको.”